जकार्त्यात आठवीतला मुलगा, इंडोनेशियनची वही आणि पाच चुकीची वाक्यं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून जकार्त्याला येऊन दीड वर्ष झालं. मुलगा आठवीत आहे आणि शाळेत इंडोनेशियन सक्तीची आहे. तो बोलायला घाबरत नाही, पण लेखी परीक्षेची वही दरवेळी लाल शेऱ्यांनी भरून येते. घरी मराठी कमी बोला, ती इंडोनेशियनच्या आड येते, असं शाळेतून सुचवलं गेलं. तुम्ही विचारताय की हे खरं आहे का, आणि शिकवणी लावावी का. सोबत त्याने लिहिलेली पाच वाक्यं पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. चुका समोर असल्या की हवेत बोलावं लागत नाही.

मी गेली १७ वर्षं इथे माध्यमिक वर्गांना इंडोनेशियन शिकवतेय. वर्गात भारतीय, कोरियन, जपानी अशी सगळी मुलं असतात. त्या अनुभवातून आधी एक सांगते. तुमचा खरा प्रश्न चुका किती आहेत हा नाही. त्या कुठून येतात हे त्याला कळत नाही, म्हणून तीच चूक तो महिनोन्महिने करतोय, हा खरा प्रश्न आहे. वहीतला लाल शेरा त्याला 'चूक' एवढंच सांगतो, 'का' ते सांगत नाही. आणि पाचापैकी निदान तीन चुकांचं 'का' त्याला मराठीतून चटकन कळेल. म्हणून घरातली मराठी अजिबात कमी करू नका.

एक सूचना. खाली इंडोनेशियन शब्द देवनागरीत लिहितेय. त्यात 'त' म्हणजे आपला आखूड अ आणि 'ता' म्हणजे पूर्ण आ. हा फरक काटेकोरपणे वाचा, कारण पहिली चूक तिथेच आहे.

त्याचं पहिलं वाक्य: कमारिन साया बर्माइन दङान तामान. त्याला म्हणायचं होतं, 'काल मी मित्राबरोबर खेळलो.' मित्र म्हणजे तमान. त्याने लिहिलं तामान, म्हणजे बाग. 'काल मी बागेबरोबर खेळलो' असं झालं. बाईंनी शब्द खोडून वर बरोबर शब्द लिहिला आणि त्या पुढे गेल्या. पण हा निष्काळजीपणा नाही. इंडोनेशियन रोमन लिपीत लिहितात, आणि तिथे आखूड अ साठी इंग्रजीतलं पाचवं अक्षर, ई, वापरतात. आपली मुलं मोबाइलवर मराठी रोमनमध्ये लिहितात तेव्हा 'मन' मधल्या अ साठी पहिलं अक्षर, ए, टंकतात. त्याने कानाने शब्द अचूक ऐकला आणि आपल्या सवयीने लिहिला. कोरियन मुलं ही चूक अशा पद्धतशीरपणे करताना मला दिसत नाहीत, आपली करतात. म्हणजे ही चूक खरंच मराठीकडून आलेली आहे, हे मान्य करते. पण उपायही मराठीतूनच आहे. त्याला शब्द आधी देवनागरीत लिहू द्या: तमान, बसार (मोठा), सकाराङ (आत्ता), बलि (विकत घेणे). मग रोमनमध्ये उतरवताना एकच नियम: अक्षराला काना असेल तर ए, अक्षर बिनकान्याचं असेल आणि त्यात आखूड अ ऐकू येत असेल तर ई. बलि चं बालि झालं की ते बेटाचं नाव होतं, हे एकदा दाखवा, म्हणजे लक्षात राहील. रोज १० शब्दांचं श्रुतलेखन केलं तर ही चूक माझ्या वर्गात साधारण महिनाभरात मावळते.

दुसरं वाक्य: इनि तिदाक बुकु साया, म्हणजे 'हे माझं पुस्तक नाही'. हवं होतं इनि बुकान बुकु साया. मराठीत 'मी जात नाही' आणि 'हे पुस्तक नाही' या दोन्हींना एकच 'नाही' पुरतं. इंडोनेशियनमध्ये क्रियापद आणि विशेषण नाकारायला तिदाक, आणि नाम नाकारायला बुकान. हा फरक त्याला नवा आहे, तो पाठच करावा लागेल. पण बाकीचे दोन नकार त्याला आयते मिळतात. जाङान म्हणजे सरळ आपलं 'नको': जाङान लारि, पळू नको. आणि बलुम म्हणजे 'अजून नाही'. इथे कुणी 'जेवलास का' विचारलं आणि जेवण व्हायचं असेल, तर उत्तर बलुम, तिदाक नव्हे. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे हमखास तिदाक म्हणतात. आपल्या घरात 'जेवलास?' ला 'अजून नाही' हे उत्तर इतकं सवयीचं आहे की मराठीतून विचार केला तर ती चूक होणारच नाही.

चौथं वाक्य आधी घेते, कारण ते याच्याशी जोडलेलं आहे. बाईंना उद्देशून त्याने लिहिलं, किता दारि पुणे. त्याला 'आम्ही पुण्याचे' म्हणायचं होतं. पण किता म्हणजे 'आपण', ऐकणाऱ्याला धरून. 'आम्ही', म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, त्याला कामि. बाईंना त्याने पुण्याच्या करून टाकलं. ही चूक पाहून मला नेहमी हळहळ वाटते, कारण जगातल्या कितीतरी भाषांमध्ये हा भेद नाही, इंग्रजीत नाही, हिंदीतही रोजच्या बोलण्यात नाही, आणि मराठीत आहे! आमचं घर आणि आपलं घर यातला फरक आपल्या मुलाला पाचव्या वर्षी कळतो. तरीही तो चुकतो, कारण त्याला हा शब्द इंग्रजीतून शिकवला गेला. 'कामि म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण' असं कुणी एकदा सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. यात एक अडचण आहे, तीही सांगते. जकार्त्यात बोलताना लोक कित्येकदा कामि च्या जागीही किता वापरतात, त्यामुळे त्याच्या कानावर गोंधळच पडतो. लिहिताना मात्र हा भेद पाळलाच पाहिजे.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याला थोडा वेळ द्या. बुकु याङ साया मंबाचा बागुस. अर्थ, 'मी वाचलेलं पुस्तक छान आहे.' बरोबर वाक्य: बुकु याङ साया बाचा बागुस. फक्त 'मं' गेला. पण तो का गेला हे न सांगता तो शंभर वेळा खोडला तरी काही उपयोग नाही.

बाचा म्हणजे वाचणे. काम करणाऱ्याकडून सांगायचं असेल तर त्याला मं लागतो: साया मंबाचा बुकु, मी पुस्तक वाचतो. पण वाक्यात याङ (जो, जे) आला आणि त्याच्या आधीचं नाम हे ज्यावर काम झालं ते असेल, तर मं गळतो. मी वर्गात मराठी मुलांना हे असं सांगते. याङ च्या आधीच्या नामाला 'वाचणारा' म्हणता येईल का? 'पुस्तक वाचणारा मुलगा' म्हणता येतं, म्हणून आनाक याङ मंबाचा बुकु, इथे मं राहिला. पुस्तकाला 'वाचणारं' म्हणता येत नाही, ते 'वाचलेलं' असतं. म्हणून 'मी वाचलेलं पुस्तक' म्हणजे बुकु याङ साया बाचा. आणि वाचणारं माणूस मी किंवा तू नसून तिसरंच कुणी असेल, तर दि येतो: राणीने वाचलेलं पुस्तक, बुकु याङ दिबाचा रानि. 'णारा' असेल तर मं, 'लेलं' असेल तर मं नाही. दोन्ही भाषांचं व्याकरण एकच आहे असा माझा दावा नाही, आणि याचा काळाशीही संबंध नाही. ही फक्त दिशा ओळखायची खूण आहे. पण गेल्या काही वर्षांत या एका खुणेने माझ्या वर्गात जेवढं काम केलंय तेवढं इंग्रजीतून दिलेल्या पानभर स्पष्टीकरणाने केलं नव्हतं. मुलं मनातल्या मनात 'वाचणारं पुस्तक' म्हणून पाहतात, हसतात आणि मं स्वतःच खोडतात.

पाचवं वाक्य, दुआ बुकु-बुकु आदा दिमेजा, टेबलावर दोन पुस्तकं आहेत. यात दोन चुका आहेत. पहिली छोटी: आकडा आला की शब्द दोनदा म्हणायचा नाही, दुआ बुकु पुरे. दुसरी म्हणजे दिमेजा. 'वर, मध्ये' या अर्थाचा दि वेगळा लिहायचा, दि मेजा. आणि क्रियापदाला लागणारा दि जोडून, दिबाचा. मराठीत आपण 'टेबलावर' एका शब्दात लिहितो, म्हणून त्याचा हात जोडण्याकडे जातो. परीक्षा सोपी आहे: दि काढून तिथे मं लावून पाहायचा. मंबाचा होतं, म्हणून दिबाचा जोडून. मेजाला मं लावून शब्द होत नाही, म्हणून दि मेजा तोडून.

या चुकीबद्दल त्याला फार बोलू नका. इथल्या मुलांच्या निबंधांत ती सर्रास असते, दुकानांच्या पाट्यांवरही दिजुआल (विकणे आहे) हा शब्द तोडून लिहिलेला दिसतो. त्याला इतिहासही आहे. १९४७ च्या सुवांदी लेखनपद्धतीत दोन्ही दि जोडूनच लिहायचे असत. १६ ऑगस्ट १९७२ ला नवी पद्धत आली आणि तेव्हापासून एक तोडायचा, एक जोडायचा, हा नियम झाला. त्याच नियमावलीची पाचवी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली, तरी चूक आहे तिथेच आहे. शिवाय देशात सातशेहून जास्त स्थानिक भाषा आहेत. जावानीज, सुंदानीज बोलणाऱ्या घरांतल्या कितीतरी मुलांची इंडोनेशियन ही पहिली भाषा नसतेच. वर्गात त्याच्या शेजारी बसणारा मुलगाही कदाचित दुसरीच भाषा घेऊन शाळेत आलेला असेल. हे तुमच्या लेकाला सांगितलंत तर त्याला बराच धीर येईल.

आता पाच वाक्यांत नसलेली, पण यंदा हमखास येणारी गोष्ट: मं चे बदलते रूप. इथे सगळीच परदेशी मुलं अडखळतात, आणि इथेच मराठी मुलाच्या हातात किल्ली आहे. मं पुढचं अक्षर पाहून उच्चार बदलतो: मंबाचा, मंदङार (ऐकणे), मंचुचि (धुणे), मंगांति (बदलणे). आपण एकच अनुस्वार देतो आणि तरी अंबा, अंदाज, मंच, अंग हे वेगवेगळे बोलतो, अगदी तसं. शाळेत परसवर्ण शिकलेल्या मुलाला यात नवीन काही नाही. पुढचं आणखी सुंदर आहे. मूळ शब्द क, त, प यांपैकी एकाने सुरू होत असेल, तर ते अक्षर गळतं आणि त्याच वर्गातलं अनुनासिक त्याच्या जागी बसतं. किरिम (पाठवणे) चं मङिरिम, तुलिस (लिहिणे) चं मनुलिस, पुकुल (मारणे) चं ममुकुल. क ला ङ, त ला न, प ला म: वर्णमालेच्या तक्त्यातली शेवटची अक्षरं. एक स मात्र ञ होतो, सापु (झाडणे) चं मञापु, आणि तो वेगळा लक्षात ठेवावा लागतो. जोडाक्षराने सुरू होणारे उसने शब्द गळत नाहीत, जसं मंप्रोदुक्सि. बाकी सगळा तक्ता त्याला बालवाडीपासून पाठ आहे.

हे जमलं नाही तर नुकसान परीक्षेपुरतं राहत नाही. इंडोनेशियन शब्दकोशात बहुतेक शब्द मूळ रूपाखाली असतात. मञापु चा अर्थ हवा असेल तर सापु शोधता आलं पाहिजे. कित्येक मुलं 'शब्दच सापडत नाही' म्हणून शब्दकोश मिटून ठेवतात, आणि मग भाषांतराच्या ॲपवर सगळा भार पडतो. सरकारी भाषा संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, तो त्याच्याकडून रोज एका शब्दासाठी तरी उघडून घ्या.

संस्कृतमधून गेलेल्या शब्दांबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे मराठी खरोखर फसवते. बाहासा, गुरु, वार्ना, रासा हे शब्द पाहून मुलं खूश होतात आणि मग प्रत्येक ओळखीच्या शब्दावर विश्वास ठेवतात. माझ्या एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं की दवाखान्यात त्याने उपाचारा घेतला. इंडोनेशियनमध्ये उपाचारा म्हणजे समारंभ. सोमवारी शाळेत झेंडावंदन होतं ते उपाचारा बंदेरा. नगारा म्हणजे देश, नगर नव्हे. इस्त्रि म्हणजे फक्त पत्नी. आणि सङ्सारा म्हणजे हालअपेष्टा, दुःख. मूळ शब्द आपला संसारच. अशा शब्दांची एक वेगळी यादी त्याने स्वतः करावी, दुसऱ्याने करून देऊ नये.

त्याच्या बोलण्यात आणि लिहिण्यात अंतर का आहे, हेही इथेच सांगते. बोलायला तो घरी कामाला येणाऱ्या म्बाककडून (म्हणजे ताईंकडून), ड्रायव्हरकडून आणि मैदानावरच्या पोरांकडून शिकला. तिथे तिदाक ला ङ्गाक म्हणतात आणि सुदाह (झालं) ला उदाह. हे चुकीचं नाही, ही बोली आहे, आणि त्याने ती मिळवली हे त्याचं मोठं यश आहे. फक्त वहीत प्रमाण भाषा लागते, जशी मराठीच्या पेपरातही लागतेच. एक गोष्ट मात्र लगेच सुधारा: शिक्षिकेला कामु म्हणायचं नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द असल्यामुळे मुलं सहज कामु म्हणतात, पण बाईंना ते 'तू' असं ऐकू येतं. त्यांना इबु म्हणायचं, अगदी 'तुम्ही' च्या जागीही. घरात मोठ्यांना अहो-जाहो करणाऱ्या मुलाला हे दोन मिनिटांत पटतं.

इथपर्यंत मी ठामपणे बोलले. पण काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शाळेत ही भाषा त्याला परकीय भाषा म्हणून शिकवतात की इथल्या मुलांबरोबर पहिली भाषा म्हणून, हे आधी विचारा. पहिली भाषा म्हणून असेल तर मार्क कमी येणं स्वाभाविक आहे, आणि गट बदलून मागणं हा उत्तम मार्ग आहे. दोन वर्षांत परत पुण्याला जाणार असाल तर लेखनाच्या बारकाव्यांपेक्षा बोलणं आणि वाचन यांवर जोर द्या. इथेच अकरावी-बारावी करणार असेल तर आतापासून लेखन पक्कं व्हायला हवं.

शिकवणी लावायची तर माणूस पाहून लावा. इथल्या मुलांना इंडोनेशियन शिकवणारे शिक्षक विषयात पक्के असतात, पण कामि आणि किता मध्ये परक्या मुलाला अवघड काय आहे हे त्यांना सांगता येईलच असं नाही. त्यांना तो भेद आईच्या मांडीवर मिळाला आहे. परदेशी लोकांना शिकवण्याच्या शाखेला इथे बीपा म्हणतात, देपोकच्या इंडोनेशिया विद्यापीठातही असे वर्ग चालतात. त्याचा अनुभव असलेलं कुणी मिळालं तर आठवड्यातून एक तास पुरेसा आहे.

आणि चुका कशा तपासायच्या याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक चूक खोडायची. नववीतली एक मुलगी सुरुवातीला लांबलचक, गमतीदार वाक्यं लिहायची. मार्च येईपर्यंत तिच्या वहीत लाल रंग जवळजवळ उरला नाही, आणि मी खूश झाले. मग दोन वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. ती आता चार-चार शब्दांची वाक्यं लिहीत होती. याङ तिने लिहिणंच सोडून दिलं होतं. चुका संपल्या नव्हत्या, तिने धोका पत्करणं थांबवलं होतं. तेव्हापासून मी एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक खोडते आणि ती कोणती हे मुलांना आधी सांगते. तुमच्या लेकाच्या बाईंना तुम्ही अशी विनंती करून पाहू शकता. मुलाने मंसापु लिहिलं तर ते चूक आहेच, पण त्याचा अर्थ त्याने मं लावायचा प्रयत्न केला असा आहे, आणि त्या प्रयत्नाला शाबासकी मिळाली पाहिजे.

सुरुवात दुसऱ्या कशानेही करू नका, तिसऱ्या वाक्याने करा. आज जेवताना त्याला विचारा: पोळी 'खाणारी' की 'खाल्लेली'? मग त्याच्याकडून 'मी खाल्लेली पोळी' हे इंडोनेशियनमध्ये म्हणून घ्या. खाणे म्हणजे माकान, आणि पोळीला रोति म्हटलं तरी चालेल. रोति याङ साया माकान असं आलं की दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं वाक्य त्याच्यासमोर ठेवा, आणि मं त्यालाच खोडू द्या.